बर्फात रोवलेला माझा थोरला

मी मिठागराच्या बांधावरचा बांबू बोलतोय. रोह्याकडच्या एकाच बेटात आम्ही दोघे उगवलो, थोरला आणि मी. तो सरळसोट. मी मधल्या पेराशी जरा वाकलेला.

आम्हाला एकाच दिवशी तोडलं आणि टेम्पोतून वडखळजवळ जनूच्या मिठागरावर आणलं. त्याची मुलगी सरू हिमनद्यांचा अभ्यास करते. ती सुट्टीत आली, आम्हा दोघांवर हात फिरवला आणि थोरल्याला निवडलं. त्याच्या अंगावर लाल पट्टे रंगवले. मला साधा चुनाही लावला नाही.

"त्याला कुठं नेतेस गो?" जनूने विचारलं.

"हिमालयात, बाबा. बर्फात पुरणार. हिवाळ्यात हिमनदीवर बर्फ किती साठला, उन्हाळ्यात किती गेला, त्याचा हिशेब आमचा कॉम्प्युटर मांडतो. तो खरा की खोटा, ते हा बांबू सांगणार."

"म्हंजे कॉम्प्युटरच्या वर आपला बांबू. मजा हाय."

मला बांधाच्या चिखलात रोवलं. जनू माझ्यावर सदरा अडकवायचा, मलाच पाठ टेकून सरूला फोन लावायचा, आणि विचारायचा थोरल्याबद्दल.

"हातभर वर आलाय, बाबा," ती सांगायची. पुढच्या वर्षी म्हणाली, "आता तुमच्याहून उंच दिसतो."

डोलवीच्या कंपनीत शिफ्टला निघालेल्या पोरांनाही जनू हे थांबवून सांगायचा. मी जळायचो. तो तिकडे वाढतोय, आणि मी दर भरतीला चिखलात रुततोय. पडू दे एकदाचा, असं मनात यायचं.

यंदा सरू घरी आली. म्हणाली, "आपला बांबू पडला. पाण्याबरोबर वाहून गेला."

"एवढा उंच झाला नि पडला कसा गो?" तिची आई काशीबाई म्हणाली.

"उंच कुठं झाला, आये? भोवतीचा बर्फ खाली गेला. त्याला धरायला काय उरलंच नाय. पण शेवटपर्यंत माप बरोबर दिलं त्यानं. बर्फ जातोय त्यापेक्षा कमीच सांगत होता आमचा हिशेब. त्याच्यामुळं सुधारला."

बघा. पडला तरी शाबासकी त्यालाच. जनू अजून मला टेकून फोनवर विचारतो, "सापडला का गो?" मी गेलो तर कोण विचारील?

हिमनदीकडे जाणाऱ्यांनो, खाली ओढ्यात कुठे लाल पट्ट्यांचा बांबू अडकलेला दिसला, तर त्याला इकडे घेऊन या. माझ्या शेजारी रोवा. इथला चिखल घट्ट धरतो, सोडत नाही. मग बघू, उंच कोण ते.