तेवीस पानांचं आभारप्रदर्शन

सुनेत्राला आपल्या पहिलीतल्या मुलीच्या, इशिताच्या चित्रपुस्तकात यायचं होतं. वय वर्षं एकोणचाळीस, हाताखाली अकरा इंजिनियर, आणि बाईची इच्छा काय, तर खडूने रंगवलेल्या, स्टेपल मारलेल्या आठ पानांत आपलं एक चित्र असावं. ही इच्छा तिने कोणालाच बोलून दाखवली नव्हती. दाखवण्यासारखी होती कुठे?

झालं असं, की नोव्हेंबर लागला आणि अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या इशिताच्या शाळेत कृतज्ञतेची साथ आली. दर सोमवारी दप्तरातून चार चित्रपुस्तकं घरी येऊ लागली. एकात अस्वल सूर्याचे आभार मानत होतं, दुसऱ्यात खार ओकच्या झाडाचे, आणि तिसऱ्यात तर एक टर्की शेतकऱ्याचे आभार मानत होता, तेही थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे घरोघरी टर्कीच भाजून खायच्या सणाच्या तोंडावर. त्या टर्कीला कोणीतरी आधी जरा बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. ही पुस्तकं इशिताला जवळ घेऊन वाचायचं काम आबांकडे होतं.

आबा म्हणजे सुनेत्राचे सासरे, अरुणराव पांढरीपांडे, मूळ मुक्काम नागपूर. सासूबाई धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी मागे थांबलेल्या, म्हणून जूनमध्ये ते एकटेच आले होते. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी बत्तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, पण गावाला ते माहीत होते ते आभारप्रदर्शनासाठी. गॅदरिंग असो, निरोप समारंभ असो नाहीतर कूलर बसवल्याचं उद्घाटन, शेवटी माइक आबांच्या हातात. लोक चपला शोधत, चहाच्या दिशेने सरकत, आणि आबा शांतपणे सतरंज्या अंथरणाऱ्यांपर्यंत येऊन पोचत. एकदा, आयुष्यात एकदाच, माइकवाल्याचं नाव राहिलं. त्या गृहस्थाने पुढच्या तीन कार्यक्रमांत नेमका आबा उभे राहिले की माइक बंद पाडला. तेव्हापासून आबांनी कोणालाही वगळलं नव्हतं.

अशा माणसाला ती पुस्तकं पसंत पडणं शक्यच नव्हतं. अस्वलाने मधाचे आभार मानले आणि मधमाश्यांचा साधा उल्लेख नाही, हे त्यांना इतकं लागलं की त्या दिवशी ते दोन पोळ्या कमी जेवले. खारीबद्दलही त्यांचं मत वाईट होतं. झाड झालं, पण त्याला पाणी कोण घालतं, असं ते इशिताला विचारत, आणि इशिता गंभीरपणे म्हणे, “द सिटी, आबा.”

मग मिस डोनोव्हन या इशिताच्या टीचरने आठ कोरी पानं घरी पाठवली. प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाबरोबर स्वतःचं आभाराचं चित्रपुस्तक करायचं आणि मंगळवारी वर्गात वाचायचं, घरच्यांनी ऐकायला यायचं. सुनेत्राच्या ऑफिसात त्याच आठवड्यात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तिचा नवरा सिद्धेश कॅलिफोर्नियाच्या टीमबरोबर दिवसभर कॉलवर असायचा. आबांनी ती आठ पानं हातात घेतली, उलटून पाहिली आणि विचारलं, “बाकीची कुठं आहेत?”

चार दिवस आबांच्या खोलीचं दार बंद होतं. आतून कात्रीचा आवाज यायचा, गोंदाचा वास यायचा. सुनेत्रा लॉण्ड्रीची बास्केट घेऊन दारावरून जरा जास्तच वेळा गेली. पाच महिने तिने या माणसाला सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा दिला होता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, ज्वारीच्या पिठासाठी एडिसन गावापर्यंत गाडी हाकली होती. त्यावर आबांचा एकच शेरा असे, “बरं.” जेवण कसं झालं, बरं. स्वेटर बसला का, बरं. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं बरं. आता ज्या माणसाने सतरंजीवाल्यालाही सोडलं नाही, तो आपल्याला निदान अर्धं पान तरी देईल, असं तिला वाटत होतं. शनिवारी इशिता येऊन जांभळा खडू मागून गेली. सुनेत्राचं जॅकेट जांभळं होतं. त्या दिवशी रिलीज दोनदा फसलं तरी तिने कोणावर आवाज चढवला नाही.

मंगळवारी ती अर्धी रजा टाकून शाळेत गेली आणि जेमतेम गुडघ्याइतक्या उंच खुर्चीवर बसली. बाकीच्या मुलांची पुस्तकं दोन-दोन मिनिटांत आटोपली. मॉम, डॅड, पिझ्झा, कुत्रा, संपलं. प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर आई होती. कुश नावाच्या मुलाच्या पुस्तकात तर आई तीन पानांवर होती, एका पानावर मुकुट घालून.

मग इशिता आणि आबा उठले. आबांनी जाकीट घातलं होतं. पुस्तक उघडलं ते घडीघडीने उलगडत टीचरच्या टेबलापासून हॅमस्टरच्या पिंजऱ्यापर्यंत गेलं. तेवीस पानं होती. इशिता वाचत होती, आबा बोटाने ओळ दाखवत होते. बसचालक. रस्ता ओलांडून देणाऱ्या काकू. आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळात वेळ काढून रोज शाळेत येणाऱ्या प्रिन्सिपल. शाळेची झाडलोट करणारा जॅनिटर, नावासकट. अजून न पडलेला बर्फ उपसणार असलेले महानगरपालिकेचे कर्मचारी. हॅमस्टर. मधमाश्या, पूर्ण पान, अस्वलाच्या वतीने. जांभळ्या पानाला सुनेत्रा ताठ बसली. पानावर रिसायकलिंगची गाडी निघाली.

एकोणिसाव्या पानावर घर आलं. घरात डिशवॉशर होता. घरातल्या भांड्यांची अहोरात्र सेवा करणाऱ्या डिशवॉशरचे आभार. तो डिशवॉशर कोण भरतं आणि कोण रिकामा करतं, याबद्दल चित्रात काही नव्हतं. तेविसाव्या पानावर नुसते रंगीत ठिपके होते, आणि खाली सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार मानून कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं होतं. आपण ज्ञात ठिपका की अज्ञात, हे सुनेत्राला कळेना.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जॅनिटर दारात उभा होता, त्याने डोळे पुसले. फक्त कुशने हात वर करून विचारलं, की इशिताची मॉम कुठाय. इशिता सहज म्हणाली, “आबा सेज वी डोन्ट थँक अवर ओन पीपल.” आबांनी समाधानाने मान डोलावली. आपल्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की त्यांनी सुनेत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुनेत्राला हा नियम नवा नव्हता. तिच्या माहेरीही कोणी कोणाला थँक यू म्हणत नसे. पण पंधरा वर्षं अमेरिकेत काढलेली बाई, दिवसाला चाळीस ईमेलच्या शेवटी थँक्स लिहिणारी. तिला वाटलं, फारच सोयीचा नियम आहे हा. डिशवॉशर परका आणि मी आपली, म्हणून पान त्याला. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं.

संध्याकाळी आबांनी जेवून ताट सिंकमध्ये ठेवलं. सुनेत्रा गोड हसून म्हणाली, “ताट उचलल्याबद्दल आभारी आहे, आबा.” आबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग पाण्याचा ग्लास सरकवल्याबद्दल आभार झाले, दिवा बंद केल्याबद्दल झाले, इशिताची वेणी घातल्याबद्दल तर ‘मनःपूर्वक’ झाले. आबांना आधी वाटलं, सुनेला बरं नाही. त्यांनी सिद्धेशला हळूच विचारलंही, की हिचं ऑफिसात काही झालं का. सिद्धेश कॉलवर होता. त्याने अंगठा दाखवला, त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

बुधवारपर्यंत आबा निम्मे झाले. दुसरी वाढ मागेनात. टीव्ही लावण्याआधी “लावू का?” असं विचारू लागले. स्वयंपाकघराला दारच नाही, तरी बाहेर थांबून त्यांनी भिंतीवर टकटक केलं. सुनेत्राने टकटक केल्याबद्दल आभार मानले. तिला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोला. पाच महिन्यांचं ‘बरं’ ती व्याजासकट परत करत होती.

दुपारी सिद्धेश कॉल म्यूट करून स्वयंपाकघरात आला. “आबा तिकीट प्रीपोन करायचं म्हणतायत यार. म्हणे, फार दिवस झाले, यजमानांना किती त्रास द्यायचा. यजमान कोण आहेत?” सुनेत्रा म्हणाली, मला काय माहीत. पण त्या रात्रीच्या वरणात मीठ दोनदा पडलं. आबांनी ते मुकाट्याने संपवलं आणि उठताना, पहिल्यांदाच, “आभारी आहे” म्हणाले.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग. मित्रमंडळींपैकी अंकुर, चैत्राली आणि त्यांचा गोतावळा मिळून आठ जण दुपारी जेवायला येणार होते. सुनेत्रा सकाळी खाली आली तर ओट्यावर ते पुस्तक उलगडून ठेवलेलं. त्याला चोविसावं पान चिकटवलं होतं.

चित्र इशिताचं होतं. जांभळ्या जॅकेटमधली बाई, तिला चार हात, एकात लॅपटॉप, एकात पोळी, एकात गाडीची किल्ली, चौथ्या हाताने इशिताला धरलेलं. चेहऱ्यापेक्षा हसू मोठं होतं. खाली आबांचं टपोरं अक्षर: “आमच्या पाच महिन्यांच्या वास्तव्यात सौ. सुनेत्रा पांढरीपांडे यांनी निवास, भोजन व वाहन यांची चोख व्यवस्था ठेवली. त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार.”

हवं होतं ते मिळालं होतं. अर्धं नाही, पूर्ण पान. सुनेत्राने ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि तिला इतकं वाईट वाटलं की ती तिथेच स्टुलावर बसली. गावोगावच्या लॉजमध्ये काउंटरवर अभिप्रायाची वही असते, त्यात जाताना पाहुणे असंच लिहितात. निवास, भोजन व वाहन. ती पान घेऊन तडक आबांच्या खोलीत गेली.

आबांची बॅग पलंगावर उघडी होती. अर्धे सदरे आत गेले होते. तिला पाहताच ते उठून उभे राहिले. सासरे, वय एकाहत्तर, सून दारात आली म्हणून उठून उभे. सुनेत्राला ते बघवेना.

“काही राहिलं का?” त्यांनी काळजीने विचारलं. “गरम पोळ्यांचा वेगळा उल्लेख करणार होतो. जागा पुरली नाही.”

“मी काय केटरर आहे का आबा?”

आबा मटकन पलंगावर बसले, सदऱ्यांवरच. “तेच तर मी सांगून राहिलो ना,” ते म्हणाले. “मंगळवारपासून तू मला मंडपवाला करून टाकलं.”

सुनेत्रा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, दोन्ही एकदम. मग तिने जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं, की तिला आभार नको होते, तिला फक्त पुस्तकात यायचं होतं. कुशची आई तीन पानांवर होती. मुकुट घालून होती.

“मग बोलायचं तसं,” आबा म्हणाले. “चित्रात घेतलं असतं. इशी पहिल्याच दिवशी म्हणत होती, मीच नको म्हटलं. आपल्या माणसाचं नाव यादीत टाकलं की लोक म्हणतात, घरात काही बिनसलंय.”

त्यांनी कात्री शोधली. पानाखालची ओळ व्यवस्थित कापून काढली, चुरगाळली आणि कचऱ्यात टाकली. चार हातांची बाई राहिली, खाली काही न लिहिता. सुनेत्राने बॅगेतले सदरे काढून कपाटात कोंबले, घड्या मोडून. आबांनी ते पाहिलं आणि घसा खाकरला.

“आता विषय निघालाच आहे तर सांगतो,” ते म्हणाले. “पाहुण्यासारखं गप्प बसलो होतो. तुझ्या वरणात हिंग नसतो.”

सुनेत्राने मान डोलावली. तिचे डोळे परत भरून आले.

“चहा उकळत नाहीस तू, नुसता भिजवतेस. आणि सदऱ्यांना तो फुलांच्या वासाचा साबण कशाला घालायचा, मी फिरायला गेलो की कुत्री मागं लागतात.”

“आणखी?” तिने विचारलं. तिला अगदी प्रसन्न वाटत होतं.

“आणखी म्हणजे, गाडी वळवताना तू बोलत फार असतेस. त्या दिवशी एडिसनला—”

“आबा, पुरे,” सुनेत्रा म्हणाली. “आठ माणसं येतायत आणि मी अजून आंघोळ केलेली नाही. बेसमेंटमध्ये जा, फोल्डिंगच्या खुर्च्या वर आणा आणि आल्यावर दोन गड्डे लसूण सोला.”

पाच महिन्यांत त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं. आबा ताडकन उठले. मग जिन्याला कठडा एकाच बाजूला का आहे, खुर्च्या इतक्या जड कोणी घेतल्या आणि त्या खाली ठेवायची अक्कल कोणाची, हे सगळं मोठ्या आवाजात विचारत त्यांनी आठही खुर्च्या दोन-दोन करून वर आणल्या. भिंतीचा रंग तीन ठिकाणी खरवडला. घामाघूम होऊन ते लसूण घेऊन बसले, आणि कोणी त्यांचे एका शब्दानेही आभार मानले नाहीत.