दोघींतली एक

आमची कंपनी दुसऱ्या मोठ्या औषध कंपनीनं गिळली आणि इंजेक्शन भरायच्या विभागात दोघींचं काम एकीवर आलं. दोघी म्हणजे मी आणि माझ्या जाऊबाई. मला तिथे चिकटवलं होतं त्यांनीच. साहेबांनी मला एकटीला बोलावून विचारलं, कुणाला ठेवू? मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ मेली कधी गप्प बसलीय! मी म्हणाले, मोठ्या बाईंना हल्ली बाटलीतला कण दिसत नाही. साफ खोटं. त्यांना तो माझ्याआधी दिसतो.

भरायच्या खोलीत सगळं निर्जंतुक. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, मास्क, गॉगल. कोण कुठे उभं आहे त्यावरूनच माणूस ओळखायचं. बोलायची बंदी, पण माझ्या पोटात काही राहत नाही. शेजारच्या जागेवर रोज माझी मैत्रीण चिमणी असते. मशीन जरा थांबलं तशी मी तिच्या कानाला लागले.

"जाऊबाईंचं नाव मीच पुढे केलं. त्यांच्या डोळ्यांचं खोटंच सांगितलं. घरी कळलं तर माझी धडगत नाही, तू कुठे बोलू नकोस."

तिनं मान हलवली. बाटल्या पुन्हा सरकायला लागल्या आणि ती कामाला लागली.

कपडे बदलायच्या खोलीत तिनं मास्क काढला, तर जाऊबाई! चिमणीच्या पोटात दुखायला लागलं म्हणून त्या तिच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कपडे धुवायला टाकले, हात पुसले आणि निघून गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्याच्या आत त्यांच्या हातात नारळ पडला. रात्री जेवताना भाऊजींनी त्यांना विचारलं, नेमकं तुलाच का काढलं? मी ताटातून मान वर केली नाही.

"काढलं कुठे? मीच नोकरी सोडली," जाऊबाई म्हणाल्या. "डोळ्यांना झेपत नाही आता."

सासूबाई म्हणाल्या, धाकटीची तरी राहिली म्हणून बरं. नवऱ्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं, पण धीर झाला नाही.

सकाळी मी चपला घालत होते, तर त्या डबा घेऊन दारात आल्या.

"आता मी घरीच असते. तुझा डबा मीच भरत जाईन."

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी डबा घेतला आणि कामावर गेले.