दरवेळी नवा संकासुर

बाबली धुरींना एक वाक्य दोनदा बोलता येत नाही, हे अख्ख्या धामापूरला ठाऊक. आणि पोटच्या पोरीलाच त्याचा विसर पडावा? आता काय म्हणायचं!

जन्मभर माणूस दशावतारात संकासुर करतोय. दशावताराला कागद नसतो. कथा रंगपटात ठरते, बोलणं रंगमंचावर सुचेल ते. लेक अक्षया घरी बसून बंगळुरूच्या कंपनीसाठी मोबाइलवरचे खेळ बनवते. कुणी विचारलं, की बाबली ओशाळून सांगत, "घराक बसान खेळता."

तिच्या नव्या खेळात संकासुराने वेद पळवलेत, खेळणाऱ्याने ते सोडवून आणायचे. "संकासुर माझे बाबाच बोलतील, मालवणीत," असं तिने कंपनीत ठासून सांगितलेलं. बाबलींनी तर ही बातमी एसटी स्टँडपर्यंत पोचवली होती.

रेकॉर्डिंगसाठी, आवाज घुमू नये म्हणून, भाताच्या खोलीत गोधड्या टांगल्या. बाबली आले ते काळा वेष चढवून, पायात चाळ बांधून.

"बाबा, हे कुणाला दिसणार नाही!"

"म्हणान संकासुर लेंग्यात बोलतलो?"

चाळ तेवढे सोडायला लावले. कागदावर होतं, 'थांब, पुढे जाऊ नकोस.' बाबली कडाडले, "खंय चललंस रे? ही वाट काय तुज्या मामान बांधल्यान?" पुन्हा घेतलं, तर "इलंस परत? घरात जेवाण नाय काय?" तिसऱ्यांदा, "तुका बघून माजो रेडो पण हसता!"

"बाबा, लिहिलंय ते बोला ना!" अक्षया रडकुंडीला आली.

"तेच तेच माका येणा नाय गो."

कंपनीच्या दिव्या मॅडमनी फोनवर ऐकलं आणि सरळ सांगितलं, एकही वाक्य कागदाशी जुळत नाही, उद्यापासून मुंबईचा कलाकार घेऊ. फोन स्पीकरवर होता. बाबली गुपचूप वेषाच्या गाठी सोडू लागले.

अक्षयाला स्वतःचाच राग आला. ज्याला दरवेळी नवं सुचतं, त्याच्या हातात आपण कागद दिला!

"मॅडम, खेळणारा एकाच जागी पुन्हापुन्हा हरतो, तेच तेच ऐकतो आणि वैतागून खेळ बंद करतो. आमचा संकासुर दरवेळी नवं बोलेल. खेळात ते बसवायचं काम माझं. बाबा, गाठी बांधा!"

घसा बसेस्तोवर बाबली बोलले. अक्षयाने खेळाची आतली मांडणीच बदलली. कोण कुठे हरला, कितव्यांदा हरला, त्यावर संकासुराचा टोमणा ठरू लागला. तयार झालेला भाग तिने पाठवला.

संध्याकाळी दिव्या मॅडमचा फोन. "अक्षया, दुपारपासून तुझ्या खेळातल्या पहिल्या पुलावरच आहे गं मी."

"फार कठीण झालाय का?"

"छे! मुद्दाम हरतेय. पुढे काय बोलतात ते ऐकायचंय."

खेळ बाजारात आला, तेव्हा पहिल्याच पडद्यावर होतं, 'संवादलेखन: बाबली धुरी'. बाबलींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "गो, मी खंय लिवलंय?"

"बोललात ना? तेच लेखन."

बाबली तसेच उठले, चपला अडकवल्या आणि एसटी स्टँडवर गेले. चहावाल्या भाईने काही विचारलंही नव्हतं.

"भाई, माजा चेडू अक्षया खेळ घडवता! आणि त्येणा माका कामाक ठेवल्यान हा!"