जास्तीचं कापड

शेगडी बंद करून मी शेजारच्या दुधाच्या पातेल्याला हात लावला. ते नुसतं शेगडीला चिकटून उभं होतं, तरी मघाशी चांगलं कोमट होतं. आता गार पडत चाललं होतं. तेव्हा कुठे मला आजची चूक कळली.

तासाभरापूर्वी मी आमच्या यानाला हुकूम पाठवून आले होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी निघालेलं यान, शेवटच्या ग्रहाच्याही कुठल्या कुठे पलीकडे गेलेलं. त्याची वीज दरवर्षी घटते, म्हणून आम्ही एकेक उपकरण कायमचं बंद करत आणलंय. आज पाळी धूळ मोजणाऱ्या उपकरणाची होती. त्याच्याच शेजारून इंधनाची नळी जाते आणि ती बिचारी शेजाऱ्याच्या उबेवर जगते. सव्वीस वर्षं नोकरी करून नेमकं हेच मी विसरले. नळी गोठली की यानाला आपल्याकडे तोंड करता येणार नाही, आणि मग ते कायमचं मुकं.

दुसरा हुकूम पाठवण्यातही अर्थ नव्हता. इतकं जुनं उपकरण एकदा विझलं की पुन्हा पेटत नाही. साहेबांना फोन करून चूक कबूल केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतंच म्हणाले, उत्तर बुधवारी दुपारी बाराला येईल. जायला साडेवीस तास, यायला साडेवीस. नवऱ्याने जेवायला वाढलं, मी ताटावरून तशीच उठले.

मंगळवारी आमच्याकडून निवृत्त झालेल्या तात्यांकडे गेले. ती नळी त्यांनीच बसवली होती. आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. नळीवर उष्णतारोधक कापड किती गुंडाळलं होतं, हे मी दोनदा मोठ्याने विचारलं. त्यांनी आधी सून स्वयंपाकघरात आहे ना, याची खात्री करून घेतली.

"नकाशात एकच फेर होता. मी दोन दिले. कुणाला बोललो नाही. तेव्हा ग्रॅमग्रॅमचा हिशेब, हाकललं असतं मला."

"पण दिले कशाला?"

"एवढ्या लांब चाललेलं. एका पांघरुणावर पाठवायचं का?"

घरी येताना धीर आला आणि फाटकापाशी पुन्हा गेला. म्हातारपणी माणसाला करायचं राहिलेलंही केल्यासारखं आठवतं.

बुधवारी बारा वाजून चार मिनिटांनी आकडे आले. नळीचं तापमान सहा अंशांनी उतरलं होतं. दर मिनिटाला नवा आकडा येत होता आणि तो तोच होता. तासभर तोच, गोठण्याच्या अंशाच्या वरच. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी तर उघड रडले, लाज कसली त्यात.

तात्यांना फोन लावला. सून म्हणाली, "सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलेत. काय झालंय, सांगत नाहीत."

"तात्या, नळी टिकली," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"अजून किती उपकरणं बंद करायची राहिलीत?"

"दोन."

"पुरेल तेवढं कापड," ते म्हणाले, आणि सुनेला जेवायला वाढायला सांगितलं.