तांब्याखालचं लोखंड

मित्रांनो, मी एक जुनी बत्तीस तोफांची युद्धनौका आहे. नाव 'मार्जोरम'. आज इंग्लंडात प्लिमथच्या खाडीत शिडांविना पडून आहे. एक गोष्ट मला अजून पचलेली नाही, तीच सांगते.

ओकच्या लाकडातून मला घडवलं, तेव्हा ओबेडाया ट्रेनविथ या सुताराने माझ्या फळ्या लोखंडी बोल्टांनी आवळल्या. आमच्या आरमारात कप्तान बदलतात, सुतार मात्र जहाजाबरोबरच राहतो. माझे पाच कप्तान झाले, सुतार मात्र हा म्हातारा एकच.

समुद्रातले किडे माझा तळ पोखरायचे. म्हणून वरिष्ठांनी ट्रेनविथला तळावर तांब्याचे पत्रे ठोकायला लावले. काय सांगू माझा तोरा! किडा नाही, शेवाळ नाही. पळणारी फ्रेंच जहाजं मी सहज गाठायची. धक्क्यावर लोक टोप्या उडवायचे. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

पत्रे ठोकल्यावर चौथ्या वर्षी, भर समुद्रात, ऐन दुपारी ट्रेनविथने तळातल्या एका बोल्टवर हातोडी मारली, आणि बोल्टचं डोकंच तुटून हातात आलं! अंगठ्याएवढ्या बोल्टची आत सुई झाली होती. मी हादरले. म्हातारा धावत कप्तान हॅस्कमकडे गेला.

"साहेब, बंदर गाठा! बोल्ट खलास झालेत."

"अहो म्हातारबुवा, तांब्याला कधी गंज चढतो का?"

"तांब्याला नाही हो! खाऱ्या पाण्यात तांबं शेजारच्या लोखंडाला खातं. दोनशे माणसं आहेत जहाजावर!"

"फ्रेंच शिकार समोर असताना बंदर कसलं? घाबरट कुठले!"

तिसऱ्या दिवशी वादळ आलं. ट्रेनविथने जाड दोर माझ्या पोटाखालून घेऊन मला मोळीसारखं आवळलं, म्हणून मी दुभंगले नाही. पण तळाची एक फळी निखळलीच. म्हातारा खाली उतरला आणि भोकात जुनं शीड कोंबत राहिला. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं, तरी तो वर आला नाही. बाकी सगळे वाचले.

गोदीत पत्रे काढू लागले, तर फळ्याही सोबत निघाल्या. कप्तानाने बोल्टच्या भोकात बोट घातलं; आत लोखंड उरलंच नव्हतं.

"ट्रेनविथना बोलवा," तो सवयीने म्हणाला.

कोणी जागचं हललं नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, शिडं द्या, असं मी म्हणत नाही. पण आतली मोडतोड दाखवणाऱ्याला घाबरट म्हणू नका. दोनशे माणसं मी घरी आणली. मला जन्मभर जपणारा तेवढा माझ्याच पोटात बुडाला.