चेअरमन दमलाय

मित्रांनो, ही ताडपत्री जरा बाजूला करा आणि मला नीट बघा. गंजलेला सांगाडा, बोथट झालेली पाचर आणि एकीकडे कललेले चाक, एवढेच आता माझे उरले आहे. मी एक जुने लाकूडफोडे यंत्र आहे. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या आदिवासी जमातीच्या कचेरीमागे, तळ्याच्या काठावर, एका मोडक्या बर्फगाडीच्या शेजारी मी उभा असतो. मी दमलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हातारपणी लपवाछपवी काय कामाची?

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. मला लाल रंग दिला, इंजिन बसवले आणि गाडीच्या मागे बांधून थेट इथे उत्तरेला आणले. इथला हिवाळा सहा-सहा महिने मुक्काम ठोकून बसतो. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरातली लोखंडी शेगडी पेटती राहावी, ही जमातीच्या सरकारची जबाबदारी. दवाखाना, ज्येष्ठांचे दुपारचे जेवण, शाळेची बस, अंत्यविधीची व्यवस्था, सगळे त्या एका कचेरीतून चालते. त्यातले सरपण माझ्या वाट्याला आले.

मला चालवायला लायल नावाचा धिप्पाड माणूस नेमला होता. पहिल्याच दिवशी त्याने माझी दोरी ओढली. मी भक्कन काळा धूर सोडला, दहा मिनिटे नुसता धडधडलो आणि एक काटकीसुद्धा फोडली नाही. जमातीचा कारभार बघणारी सगळी कौन्सिल बघायला जमली होती. माझी लाजेने नुसती वाट लागली.

लायल म्हणाला, "हा तर अगदी आपल्या चेअरमनसारखा आहे. धूर सोडतो, आवाज करतो आणि काम उद्यावर ढकलतो!"

कौन्सिलचे चेअरमन तिथेच उभे होते. ते म्हणाले, "लायल, मला निदान दोरी ओढून सुरू करावं लागत नाही."

"ते वहिनींना विचारून सांगतो," लायल म्हणाला. चेअरमन पोट धरून हसले. पुढे किती चेअरमन आले आणि गेले, पण माझे नाव 'चेअरमन' पडले ते कायमचे.

मग कामाला लागलो तो बत्तीस वर्षे. तळ्याभोवती एकच रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरे. रोज सकाळी न्याहारी झाली की लायल मला आपल्या गाडीला जोडायचा आणि हळूहळू त्या रस्त्याने फेरी मारायचा. त्याच्याकडे कागद नाही, यादी नाही. तो फक्त धुराडी बघायचा. धूर दाट असला की हात हलवून पुढे जायचा. धूर बारीक असला किंवा नसलाच, की गाडी वळायची. मी मागे बांधलेला, त्यामुळे प्रत्येक घर मला उशिरा दिसायचे. पण गाडी वळली की मला कळायचे, इथे कुणाला तरी थंडी वाजते आहे.

आता एक अडचण ऐका. आमची म्हातारी माणसे कधीच 'हो' म्हणत नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांना विचारा, सरपण हवे का? ते म्हणतील, आधी म्हाताऱ्यांना द्या. मग लायलने एक युक्ती काढली. डेल्फीन मावशीच्या दारात उभा राहून तो टोपी काढायचा.

"मावशी, चेअरमन दमलाय. जरा तुमच्या अंगणात उभा करू का?"

मावशी दारातून मला न्याहाळायची. "दिसतोय खरा दमलेला. कर उभा. पण माझ्यासाठी काही करायचं नाही हं, सांगून ठेवते."

"छे हो! अंग आखडू नये त्याचं, म्हणून दोन-चार ओंडके फोडतो फक्त."

दोन-चार म्हणता म्हणता महिन्याभराचे सरपण भिंतीला रचून व्हायचे. निघताना मावशी त्याच्या हातात धुरावलेल्या माशाचा पुडा ठेवायची आणि तोच उलट तिला म्हणायचा, "मीग्वेच, मावशी. अंगण दिलंत, उपकार झाले." म्हणजे आभार मानायचा तो, आणि थाटात मान हलवायची ती! खरे सांगतो, तेव्हा मी मुळीच दमलेला नसायचो. माझ्या अंगात इतकी रग होती की अख्खे जंगल फोडले असते. पण माझ्या दमण्यामुळे कुणाची मान खाली जात नव्हती, म्हणून मी गुपचूप दमल्यासारखा उभा राहायचो.

अशी वर्षे गेली. लायलचे केस पिकले. मेपलच्या ओल्या ओंडक्यांनी माझी पाचर झिजली. मग एका हिवाळ्यात लायलचा उजवा खांदा कायमचा गेला. त्याच सुमारास वरून निधी देणाऱ्यांनी विचारले, सरपण नक्की कोणाकोणाला दिले? लायलच्या वहीत एकच शब्द होता, 'सगळ्यांना'. ते काही त्यांना चालले नाही.

लायलच्या जागी रिनी आली. ती त्याच्या चुलत बहिणीची मुलगी. पोरगी गुणाची आणि बिचारी एकटी. सरपण तिच्याकडे, जेवणाची यादी तिच्याकडे, कुणाची वीज तुटली तर फोन तिलाच. गावात कुणी वारले की कचेरी बंद, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट फोन. तिने अर्ज छापले. नाव, सभासद क्रमांक, सरपण कशासाठी हवे, खाली सही. अर्ज नसेल तर निधी बंद होईल, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. तयार फोडलेले लाकूड बाहेरच्या ट्रकमधून यादीप्रमाणे पोहोचू लागले. माझ्यावर ताडपत्री पडली. मला वाईट वाटले, खूप वाईट वाटले. चार हिवाळे कुणी माझी दोरीसुद्धा ओढली नाही.

ताडपत्रीला एका बाजूला भोक होते. त्यातून मला तळ्यापलीकडचे लायलचे घर दिसायचे. सवय जात नाही हो, मी रोज सकाळी त्याचे धुराडे बघायचो. तीन हिवाळे तो स्वतःच्या जुन्या साठ्यावर निभावला. चौथ्या वर्षी शरदात वादळाने पडलेला मेपल कुणीतरी कापून त्याच्या अंगणात टाकून गेले. ओंडकेच्या ओंडके, प्रत्येक जात्याएवढा. एका हाताने ते फोडणार कसे? जानेवारीत धूर बारीक झाला. मग फक्त संध्याकाळी दिसू लागला. मग एके सकाळी दिसलाच नाही. त्या दिवशी पारा उणे तीसच्या खाली होता. दुसऱ्या सकाळीही धूर नाही. मला ओरडावेसे वाटत होते. पण दोरी ओढल्याशिवाय मला आवाज नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारचे जेवण आटोपून डेल्फीन मावशी कचेरीच्या मागच्या दारातून बाहेर आली. तिला गाडीत बसवायला रिनी सोबत होती. मावशी चालता चालता थांबली आणि तळ्यापलीकडे बघू लागली.

"रिनी, लायलच्या धुराड्यातून धूर नाही."

"मामा विजेचा हीटर लावत असेल, मावशी. त्याचा अर्जच आला नाही. मी दोनदा पाठवला."

"तो कशाला भरतोय अर्ज? मी तरी कधी भरला?"

"तुमचा आलाय की! तुमची सही आहे त्याच्यावर."

"ती नातीनं घेतली. मला वाटलं, जेवणाची यादी आहे." मावशीने काठी बर्फात रोवली. "त्यानं इतक्या वर्षांत मला एकदाही विचारलं नाही, लाकूड हवं का म्हणून. काय म्हणायचा माहीत आहे? चेअरमन दमलाय, अंगणात उभा करू का."

"आणि तुम्हाला खरं वाटायचं?"

"वेडी आहेस का? तेवढी अक्कल आहे मला." मावशी हसली, आणि मग हसायची थांबली. "पण आता त्याच्या दारात कोण जाऊन असं म्हणणार?"

 रिनीने मावशीला गाडीत बसवून घरी पाठवले आणि ती माझ्याकडे वळली.  तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. मग तिने दोन्ही हातांनी ताडपत्री ओढून काढली, आणि हिवाळाभर साचलेला बर्फ तिच्याच डोक्यावर पडला.

रिनीच्या गाडीमागे बांधलेला मी लायलच्या अंगणात पोहोचलो तेव्हा दार उघडायला वेळ लागला. तो अंगात दोन कोट घालून उभा होता आणि बोलताना तोंडातून घरातल्या घरात वाफ निघत होती. माझा धिप्पाड लायल कसा वाळून गेला होता! मला बघवले नाही.

रिनीने टोपी काढली. "मामा, चेअरमन दमलाय. जरा तुझ्या अंगणात उभा करू का?"

 लायलने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.  

"दमलाय म्हणे," तो म्हणाला. "चार वर्षं झोपा काढतोय तो!"

"म्हणूनच अंग आखडलंय. दोन-चार ओंडके फोडले तर बरं वाटेल त्याला."

"माझ्यासाठी काही करायचं नाही हं."

"तुझ्यासाठी कोण करतंय?"

तिने दोरी ओढली. मी हूं की चूं केले नाही. पुन्हा ओढली. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न करत होतो, पण तेल गोठले होते, इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग गारठला होता. आयुष्यभर दमल्याचे सोंग केले आणि नेमके त्या दिवशी ते खरे व्हावे? इतकी शरम मला पहिल्या दिवशीही वाटली नव्हती.

"अगं, गाईची शेपटी ओढतेयस का?" लायल पायऱ्या उतरून आला. "सरक. प्लग काढ तो. इकडे दे." त्याने प्लग घेतला, दोन्ही कोटांच्या आत थेट छातीशी धरला आणि माझ्या चाकावर बसून राहिला. त्याच्याजवळ ऊब उरली होती ती एवढीच, आणि ती त्याने मला दिली. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताने प्लग बसवला. "आता ओढ. एका दमात."

मी खोकलो. भक्कन काळा धूर सोडला. आणि मग धडधडू लागलो.

"उद्यावर ढकललं नाही, नशीब!" लायल म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आम्ही अर्धा मेपल फोडला. रिनी ओंडके उचलून ठेवत होती, लायल डाव्या हाताने माझा दांडा ओढत होता आणि तिला नावे ठेवत होता. त्याच्या धुराड्यातून दाट धूर निघाला तेव्हा तळ्यापलीकडे कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला.

मग रिनीने खिशातून अर्ज काढला. लायलचा चेहरा पडला. "मी काही मागितलेलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. वाच की."

जिथे 'कारण' विचारले होते, तिथे तिने लिहिले होते, 'कचेरीचे यंत्र फार दमले होते. यांनी अंगणात जागा दिली.'

लायलने ते दोनदा वाचले आणि सही केली.

आता दर सोमवारी रिनी मला घेऊन फेरीला निघते. अर्ज तिच्या खिशात असतात आणि नजर धुराड्यांवर असते. मित्रांनो, मला ग्रीस लावा, ताडपत्री बदला, असे मी तुम्हाला सांगणार होतो. राहू दे ते. तुमच्या आसपासही न मागणारी माणसे असतील, त्यांच्या घराकडे सकाळी एकदा बघत जा. आणि दारात जाऊन काय म्हणावे ते सुचले नाही, तर बेलाशक माझे नाव सांगा. मी आता खरोखरच दमलो आहे, त्यामुळे तुम्हाला खोटेही बोलावे लागणार नाही.