टाळीचा हात

"ती फळी काढ," आत्येसासू शुवाई म्हणाली, "आणि नीट टाळी दे."

नेत्साई चटईपुढे गुडघ्यांवर बसली होती. मोठ्यांचा मान म्हणून सुनेने दोन्ही तळवे पोकळ करून, एकावर एक आडवे धरून टाळी द्यायची; तो घुमणारा आवाज कानी पडल्याशिवाय शुवाई आत्या माहेवूच्या, मक्याच्या आंबिलीच्या, पेल्याला हात लावत नसे. नेत्साईचा उजवा हात मात्र बोटांपर्यंत फळीला बांधलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी भोपळा चिरताना सुरी सटकली, बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या होत्या. मासविंगो शहरातल्या बाजारात शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवायची; कात्री धरता आली नाही तर हातातोंडाची गाठ पडणं कठीण होतं.

"फळी निघणार नाही, आत्या. टाळी दिली तर आतले टाके तुटतील."

"मासविंगोच्या बाजारात बसून शिंगं फुटलीत तुला."

शब्द लागले. एकाच टाळीनं काय होतंय, असं तिलाही वाटून गेलं. पण दवाखान्यात भेटलेल्या अशाच एका बाईने सासऱ्यांपुढे अशीच एक टाळी दिली होती, आणि तिचं बोट आता वाकतच नाही.

व्यायामाची वेळ झाली होती. दर तासाला दहादा, हळू. नेत्साईने तिथंच बोटांवरचा पट्टा सैल केला. पहिलं बोट जरासं वाकलं, मधलं ताठच राहिलं. दवाखान्यात स्नायूची हालचाल दाखवणाऱ्या यंत्राच्या तारा तिच्या हाताला चिकटवल्या होत्या, तेव्हाही ते बोट हललं नव्हतं. पडद्यावरची रेघ मात्र उसळली होती. स्नायू हाक मारतोय, बोट उशिरा ऐकेल, असं तिथली व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती.

"आत्या, इथं हात ठेवा." तिने मनगटाच्या वरची जागा दाखवली.

आत्याने नाइलाजाने दोन बोटं टेकवली. नेत्साईने मधलं बोट वाकवायचा प्रयत्न केला.

"आत काहीतरी उसळतंय गं."

"रोज बोलावते मी त्याला. मधलं बोट अजून येत नाही."

 आत्याने आपले सुरकुतलेले तळवे पोकळ केले आणि टाळी दिली. सासरच्या आत्याने सुनेपुढे टाळी दिलेली नेत्साईने जन्मात पाहिली नव्हती. ती घाबरलीच.

"बघतेस काय? वाकव. मी मोजते."

दहा टाळ्या झाल्या. मधलं बोट काही वाकलं नाही. आत्याने पेला उचलला, अर्धा प्यायली आणि उरलेला नेत्साईपुढे धरला. डाव्या हातात काही द्यायचं नसतं, पण तिने डाव्याच हातात दिला.